कानानं लिहिणारा मुलगा

मी मंठ्याचा. मंठा हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एका अंगाला जिंतूर-परभणी, दुसऱ्या अंगाला लोणार, म्हणजे थेट विदर्भ. जालना जिल्हा १९८१ साली झाला, त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात मोडत होतो. त्यामुळे आठवडी बाजारात उभं राहिलं की तीन-चार तऱ्हेचं बोलणं कानावर येतं. लोणारकडचा वऱ्हाडी हेल, परभणीकडचा हेल, तांड्यांवरची गोरमाटी आणि दखनी उर्दू. अशा गावात मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आज त्यातल्याच एका चुकीबद्दल बोलायचं आहे. चूक माझी आहे, विद्यार्थ्याची नाही.

पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. साल १९९७ की ९८ असेल. तांड्यावरून चालत यायचा. घरची बोली गोरमाटी. मराठी त्यानं शाळेत आणि बाजारात कानानं उचललेली. बोलायला चुणचुणीत, गणितात हुशार, पण श्रुतलेखनात त्याची वही लाल शाईनं भरून जायची. मी सांगायचो ‘मंदिर’, तो लिहायचा ‘मंदीर’. मी ‘गुण’ म्हणायचो, तो ‘गूण’ लिहायचा. विष, तरुण, कुसुम असे सगळे शब्द त्याच्या वहीत दुसऱ्या वेलांटीचे आणि दुसऱ्या उकाराचे. त्या काळच्या रीतीप्रमाणे चुकीला एक छडी होती. “अरे, शंभरदा सांगितलं, मंदिरातला दि पहिला!” असं म्हणून मी मारत असे. एकदा त्यानं रडत विचारलं होतं, “सर, तुम्हीच तर मंदीर म्हणता.” वर्ग हसला. उलट बोलल्याबद्दल त्याला आणखी एक छडी मिळाली.

दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. मुलगा इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली आणि तिथून कंपनीच्या कामानं इटलीतल्या तोरिनो शहरी गेला. संध्याकाळी तिथली भाषा शिकायला जातो म्हणाला. त्यांच्या बाई पहिले काही दिवस अक्षरं गिरवायलाच लावत नाहीत. शब्द उच्चारायचा आणि टाळ्या वाजवायच्या. शब्द तोंडातून जितक्या तुकड्यांत बाहेर पडतो तितक्या टाळ्या. मग त्यातली कोणती टाळी जोरात, ते ओळखायचं. इटलीतली शाळकरी पोरंसुद्धा पहिलीपासून शब्द असे तोडायला शिकतात. ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा हे त्यावरच ठरतं. ‘पास्ता’ हा शब्द आता आपल्याकडेही हॉटेलच्या पाटीवर दिसतो. आपण तो पास्-ता असा तोडू, ते पा-स्ता असा तोडतात.

हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “सर, मी मराठी शब्दांवर टाळ्या वाजवून पाहिल्या. मंदिरला दोनच वाजतात. आणि दुसरी लांब वाजते. मग मी चुकलो कुठे होतो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “बघतो आणि सांगतो.” निवृत्त मास्तरला आयुष्यात पहिल्यांदाच गृहपाठ मिळाला.

श्रोतेहो, तुम्हीही करून पाहा. हाताचा पंजा पालथा करून हनुवटीखाली धरा आणि ‘जालना’ म्हणा. लिहिताना अक्षरं तीन, पण हनुवटी दोनदाच खाली येते. जाल-ना. मी आमच्या बसस्थानकावर बाकावर बसून हेच करत होतो. कंडक्टर ओरडतो ते कान देऊन ऐका. परतूर, तीन अक्षरं, टाळ्या दोन. परभणी, चार अक्षरं आणि टाळ्या तीन. लोणार, दोन. सेलू मात्र सरळ गाव, अक्षरं दोन आणि टाळ्याही दोन. हे असं होतं कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण लिहितो पण बोलत नाही. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं, तोंडात एकच टाळी. मधला ‘अ’ही पुष्कळदा गळतो. ‘गवत’ म्हणताना ग-वत, आणि ‘गवताला’ म्हटलं की गव-ता-ला. तोडण्याची जागाच सरकली. पहिलीतलं पोर ‘ग… व… त…’ असं एकेक अक्षर वाचतं आणि वाचूनही त्याला गवत डोळ्यांसमोर दिसत नाही, त्याचं कारण हेच आहे. तो वाचतो त्या शब्दाला तीन टाळ्या असतात. त्याच्या आईनं शिकवलेल्या गवताला दोन.

माझी आई निरक्षर होती. पण जात्यावर ओव्या म्हणताना बोलण्यात गिळलेले हेच ‘अ’ ती सुरात मोकळे सोडायची. अभंगाचंही तसंच. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं असतात आणि गाताना प्रत्येक अक्षर आपला वाटा मागून घेतं. बोलण्याची टाळी वेगळी, गाण्याची वेगळी, हे भजनी मंडळातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मी मराठीचा शिक्षक, मला मात्र ते निवृत्तीनंतर कळलं.

बसस्थानकावरून मोंढ्यात गेलो. खरं उत्तर तिथे सापडलं. मोंढ्यात माल काय येतो? तूर, मूग, तीळ, कापूस. आणि भाव कशाला मिळतो? तुरीला, मुगाला, तिळाला, कापसाला. तूर शब्दात दुसरा उकार, तुरीला म्हटलं की पहिला. तीळ, तिळाला. मूग, मुगाला. ऊस मोंढ्यात येत नाही, कारखान्यावर जातो, पण नियम त्यालाही सोडत नाही: ऊस, उसाला. हा नियम मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला. ‘अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा, सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो.’ मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली केलेल्या आणि १९७२ साली भर घातलेल्या नियमांमधला हा नियम. मुलं तो पाठ करायची, लिहायची आणि विसरायची. उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरा, हेसुद्धा निम्म्यांना परीक्षेपुरतंच ठाऊक.

आता टाळी वाजवून पाहा. ‘तूर’ ही एकच टाळी, म्हणजे तीच शेवटची. ‘तुरीला’मध्ये तीन टाळ्या, ‘तु’ मागे पडला. ‘वकील’मध्ये ‘कील’ ही शेवटची टाळी, म्हणून दीर्घ. ‘वकिलाला’मध्ये ‘कि’ मधे अडकला, म्हणून ऱ्हस्व. विहीर आणि विहिरीत, गरीब आणि गरिबाला, सगळ्यांची तीच कथा. शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार उघडा असला तरी तो दीर्घच: पाणी, लाडू, मी, तू. थोडक्यात, मराठी जीभ शब्दाच्या शेवटच्या टाळीत आलेला इ किंवा उ लांबवते आणि मागच्या टाळ्यांमध्ये आखडते. फळ्यावर मी वेगवेगळे नियम म्हणून लिहीत होतो ते जिभेच्या दृष्टीनं एकच वळण होतं. कुणाला ते पाठ करायची गरज नव्हती. मोंढ्यातला हमालसुद्धा तूर आणि तुरीला अचूक बोलतो.

एवढ्यानं सगळं सुटतं असं नाही. ‘नदीला’, ‘वाळूला’ असे शब्द ऐकत नाहीत. मूळ शब्दाच्या शेवटची दीर्घ खूण ते प्रत्यय लागला तरी सोडत नाहीत. आणि कापूस तर आणखी पुढे जातो. का-पूस, पण काप-सा-ला. तिथे उकार आखडत नाही, नाहीसाच होतो. माणूस, माणसाला. लाकूड, लाकडाला. पाऊस मधे ‘व’ घेऊन येतो: पाव-सा-ला. देऊळ, देवळाला. प्रत्यय जोडला की शब्दाचा तोल पुढे जातो आणि मागचा भाग दबतो. म्हणूनच ‘माणूस’मधला दीर्घ उकार ‘माणुसकी’त ऱ्हस्व होतो. हे मला आधी कळलं असतं तर माणुसकी लिहायला शिकवताना मी छडी हातात घेतली नसती.

आता त्या मंदिराकडे येऊ. कोणत्याही गावात जा, देवळाच्या कमानीवर ‘मंदीर’ लिहिलेलं हमखास सापडतं. शुद्धलेखनवाले त्यावर हसतात. मीही हसत आलो. पण रंगाऱ्याची चूक नेहमी एकाच दिशेला का होते? तो कधी ‘वकिल’ लिहील, नाही असं नाही, पण बोली ऐकून लिहिणारा माणूस ‘मंदीर’च लिहिणार, कारण मराठी तोंडात तो मं-दीर असाच आहे. ‘गरीब’ला जो नियम, तोच त्यानं देवाला लावला. पण नियमाच्या खाली बारीक अक्षरात अपवाद आहे: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम शब्द संस्कृताप्रमाणे लिहावेत. संस्कृतात ‘मन्-दि-र’ अशा तीन टाळ्या, ‘गु-ण’ अशा दोन. शेवटचा ‘अ’ तिथे स्पष्ट बोलला जातो, आणि ऱ्हस्व-दीर्घ ज्या त्या शब्दाचं ठरलेलं असतं, टाळीवर अवलंबून नसतं. तेव्हा ‘गुण’ आपण लिहितो संस्कृताच्या डोळ्यानं आणि बोलतो मराठीच्या जिभेनं. पाचवीतल्या ज्या पोरानं संस्कृताचं एक अक्षर ऐकलेलं नाही, त्यानं तत्सम शब्द कोणता आणि मराठी कोणता हे कशावरून ओळखावं? ‘फूल’ दीर्घ आणि ‘गुण’ ऱ्हस्व, दोन्ही एका टाळीचे. त्यानं दोन्ही सारखे ऐकले, दोन्ही सारखे लिहिले. ‘फूल’ला मी बरोबरची खूण केली आणि ‘गुण’चे गुण कापले.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. लेखनाला एक ठरलेली रीत लागते, नाहीतर जिल्ह्यागणिक वेगळं मराठी लिहिलं जाईल. पण ‘तू ऐकलंस ते बरोबर आहे, लिहिण्याची रीत मात्र जुनी, संस्कृताची आहे, ती लक्षात ठेव,’ एवढं वाक्य सांगायला काय हरकत होती? मोरो केशव दामले यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ माझ्या कपाटात होतं. समास आणि प्रयोग बघण्यापुरतंच मी ते उघडत आलो.

फोनवर त्यानं दुसरा प्रश्न विचारला होता तो जोराचा. इटालियनमध्ये साधारणपणे शेवटून दुसऱ्या टाळीवर जोर येतो, पण नेहमी नाही, आणि जोर हलला की अर्थ हलतो. ‘आंकोरा’ या शब्दात पहिल्या टाळीवर जोर दिला तर जहाजाचा नांगर. दुसऱ्या टाळीवर दिला तर ‘अजून’. ‘कापितानो’चे तर तीन अर्थ. ‘का’वर जोर दिला तर ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर कप्तान, ‘नो’वर दिला तर ‘त्यानं नेतृत्व केलं’. शेवटच्या टाळीवर जोर असेल तर ते डोक्यावर खूण लिहितात. एरवी वाचणाऱ्यानं आपलं समजून घ्यायचं. “सर, आपल्यात असं काही आहे का?” असं तो विचारत होता.

मराठीत जोर इतका ठसठशीत नाही. पण जोडाक्षराच्या आधी जो आघात येतो तो आपल्यालाही फसवतो. ‘पुण्याला’ हा शब्द लिहून दाखवा आणि विचारा, अर्थ काय? पुणे शहराला की पुण्य या गोष्टीला? लिहायला दोन्ही एक. पण ‘पुण्याला गेला’ म्हणताना आपण पु-ण्या-ला असं हलकं म्हणतो, आणि पाप-पुण्याचा हिशेब असेल तेव्हा ‘पु’वर दाब देऊन पुण्-ण्या-ला म्हणतो. दिवा आणि दिव्य यांचं तेच. माझ्या वर्गात एका मुलीनं सीतेला दिव्यातून जावं लागलं हे वाक्य असं वाचलं की सगळ्यांना कंदील दिसला. तेव्हा मी ‘नीट वाच’ एवढंच म्हणालो. नीट म्हणजे कसं, हे मला सांगता आलं नाही. ‘दि’वर आघात दे, एवढंच सांगायचं होतं.

एका ठिकाणी मात्र मराठीनं हा फरक लिहिण्यात आणला आहे, आणि तो फार देखणा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. पहिल्यात र वर चढतो, रफार होतो आणि ‘द’वर आघात येतो: दर्-या. दुसऱ्यात र आडव्या रेघेनं लिहितात आणि ‘द’ मोकळा राहतो: द-ऱ्या. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यात एका रेघेचा फरक. लग्नघरी चिठ्ठी चुकली तर स्वयंपाक कोण करणार? संगणक नवे होते तेव्हा काही टंकांमध्ये ही आडवी रेघ उमटत नसे आणि छापील मजकुरात शेतकऱ्यांच्या ठिकाणी भलतंच काही वाचायला मिळत असे.

जिभेला टाळ्यांची सवय लागली की परका शब्दही ती आपल्या मापानं कापते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ग्लासला ‘गिलास’ म्हणतात, ब्लाऊजला ‘बिलाऊज’, स्टेशनला ‘टेसन’ आणि स्कूलला ‘इस्कूल’. शिकलेली नातवंडं हसतात. पण दोन व्यंजनं एकदम तोंडात आली की त्यांच्यात स्वर घालायचा, एक सोडून द्यायचं किंवा पुढे स्वर जोडायचा, हे जगभर चालतं. स्पॅनिश लोक शाळेला ‘एस्कुएला’ म्हणतात. त्यांच्या शब्दकोशात ते शुद्ध आहे. आमच्या आजीचं इस्कूल तेवढं अडाणी!

नवे शब्द घडवण्यातही त्याला आपल्याशी साम्य दिसलं. इटालियनमध्ये ‘कासा’ म्हणजे घर, ‘कासेत्ता’ म्हणजे छोटंसं घर, ‘कासाच्चा’ म्हणजे भिकार घर, आणि दर वेळी जोर त्या नव्या शेपटावर जातो. आपण काय वेगळं करतो? घर, घरटं, घरकुल, घरोबा, घरंदाज. पोराचं पोरगं केलं की माया, पोरटं केलं की तुच्छता, पोरकट केलं की टीका. एक शेपूट बदललं की माणसाविषयीचं मतच बदलतं. ‘पीठ’चं पिठलं होतं, ‘चूल’ची चुलाण होते, ‘दूध’चं दुधाळ होतं, ‘धूळ’ची धुळवड होते, आणि प्रत्येक ठिकाणी मागचा दीर्घ आपोआप ऱ्हस्व होतो. हे मुलांना शब्दसिद्धी या नावानं शिकवतात आणि शुद्धलेखन दुसऱ्या तासाला. दोन्ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, हे एकदा टाळी वाजवून दाखवलं असतं तर दोन तास वाचले असते.

महिनाभरानं मी त्याला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, “तू कानानं बरोबर लिहीत होतास. मी मारायला नको होतं.” पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “सर, वही-पेन घ्या. श्रुतलेखन.”

त्यानं दहा इटालियन शब्द सांगितले, मी देवनागरीत लिहून घेतले आणि त्याला एकेक वाचून दाखवले. सहा बरोबर आले. चुकलेल्यांपैकी एक शब्द ‘नोन्नो’ होता, म्हणजे आजोबा. मी ‘नोनो’ लिहिला होता, त्याचा अर्थ नववा होतो. मधल्या जोडाक्षराचा आघात माझ्या कानातून निसटला. मी म्हटलं, “अरे, फोनवर नीट ऐकू आलं नाही.” तो म्हणाला, “चारही शब्द दहा-दहा वेळा लिहून ठेवा सर, रविवारी परत घेतो.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)